एका घरात चार इयत्ता

गेल्या पावसाळ्यात नाणे मावळातल्या या घरी मी जायला लागले, तेव्हा सकाळी सात वाजता जेवणाचं टेबल रिकामं असायचं आणि साडेसातला त्यावर कप ठेवायलाही जागा नसायची. तेरा वर्षांची थोरली खिडकीकडची बाजू धरून बसे. बीजगणित करताना तिला समोर कोणी नको असतं. अकरा वर्षांचा मधला पेन्सिल शोधत दोनदा उठे. सात वर्षांची तिसरी टेबलाखाली चटई टाकून वाचत पडलेली. चार वर्षांचं शेंडेफळ आजीशेजारी लसूण सोलत बसे, आणि सोललेल्या पाकळ्या मोजताना अकरानंतर थेट तेरावर जाई. वडील तळेगावच्या एमआयडीसीत कामाला आहेत. फर्स्ट शिफ्ट असली की ते अंधारातच बाहेर पडतात. आई ओट्यापाशी उभी राहून एकीकडे भाजी परतत थोरलीचं समीकरण ऐके आणि दुसरीकडे तिसरीचं अडलेलं जोडाक्षर सोडवून देई.

चौघांपैकी एकही मूल तेव्हा शाळेत जात नव्हतं. थोरली इयत्ता तिसरीपर्यंत जात होती, मधला दुसरीत जाऊन परत आला, धाकट्या दोघांनी शाळेचा उंबरा ओलांडलेलाच नव्हता. नावं छापू नकोस, असं आईने सुरुवातीलाच सांगितलं. मुलं मोठी होतील, तेव्हा आपल्याविषयी काय छापलं जावं हे त्यांनाच ठरवू दे, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं.

आपल्याकडे होमस्कूलिंगचा विषय निघाला की डोळ्यांसमोर एखादं विलक्षण हुशार मूल येतं. मुंबईच्या मालविका राज जोशीची बातमी अनेकांना आठवत असेल. सातवीत असताना आईने, सुप्रिया जोशींनी, तिला शाळेतून काढलं. पुढे तिने प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली, आणि २०१६ साली वयाच्या सतराव्या वर्षी तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. आयआयटीचं दार मात्र तिच्यासाठी बंद होतं, कारण तिच्याकडे बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. ही गोष्ट सांगायलाच हवी. पण तिच्यामुळे असं वाटायला लागतं की घरी शिकणं म्हणजे असामान्य बुद्धीच्या मुलासाठी केलेली खास सोय. मावळातल्या या घरात असं कोणी नाही. थोरली गणितात बरी आहे, मधल्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. हे घर मला महत्त्वाचं वाटलं ते मुलं चार आहेत म्हणून. चार वयांची मुलं आणि शिकवणारं एकच मोठं माणूस असलं की अभ्यास कसा चालतो, कुठे अडतो आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे इथे रोज दिसतं.

अभ्यास सकाळी दोन तास, फार तर अडीच. पुस्तकं बालभारतीचीच, बरीचशी संकेतस्थळावरून फुकट उतरवून छापून घेतलेली. पहिल्या वर्षी आईने चौकटी आखून वेळापत्रक केलं होतं, पस्तीस मिनिटांचा तास आणि मध्ये छोटी सुट्टी. तीन आठवड्यांत ते भिंतीवरून उतरलं. “प्रत्येकाला वेगळं शिकवायला गेले तर मला दिवसाचे आठ तास लागत होते. आणि एकाला शिकवत असताना बाकीचे भांडत होते,” ती सांगते. त्यातून वाट निघाली ती तिने न ठरवता. मधल्याने तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवली. कशी, तर घरातल्या सुट्ट्या नाण्यांनी. दहाची नोट मोडल्याशिवाय सात रुपये देता येत नाहीत, हे तिला दुकान-दुकान खेळताना कळलं. आई सांगते, मधल्याला स्वतःला हातचा नीट कळला तो त्याच आठवड्यात. तोवर तो नुसती रीत पाठ म्हणत होता.

पावसाचं मोजमाप मी अगदी जवळून पाहिलं. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा आत बसवायचा, की झालं पर्जन्यमापक. पण बाटलीचा तळ सपाट नसतो. म्हणून मुलांनी तळाशी खडे घातले, ते बुडेपर्यंत पाणी ओतलं आणि तिथे शून्याची खूण केली. रोज सकाळी आठला पाणी वाचायचं काम तिसरीचं. वहीत लिहायचं मधल्याने. आठवड्याचा आलेख थोरलीचा. एका सकाळी नव्वद मिलिमीटर भरलं. मधल्याने विचारलं, म्हणजे आपल्या खाचरात किती पाणी पडलं? आईने उत्तर दिलं नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एवढंच सांगितलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, हे आजीला तोंडपाठ. त्याचे चौरस मीटर थोरलीने केले, एकशे एक. मग मधल्याने गुणाकार मांडला आणि पाटी घेऊन धावत बाहेर आला. एका गुंठ्यावर एका रात्रीत नऊ हजार लिटर! तो आकडा त्याने दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला, दूध घालायला आलेल्या काकांनासुद्धा. ऑगस्टमधल्या एका दिवसाची चौकट मात्र वहीत कोरी आहे. शेंडेफळाने वाचन घेण्याआधीच बाटली उपडी केली होती. थोरलीने त्या चौकटीत ‘सांडलं’ असं लिहून ठेवलंय.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि जेमतेम तीसेक किलोमीटरवरच्या तळेगावात त्याच्या निम्माही नाही. घाटमाथा आणि पर्जन्यछाया हे धड्यातले शब्द या मुलांना लोकलच्या प्रवासात समजतात. मळवलीला छत्री उघडायची आणि वडगावला मिटायची. आवणीच्या दिवसांत अभ्यास बंद असतो. चिखलात रोपं लावायला घरचे सगळे असतात, आजी बांधावरून ओरडून रांग सरळ करते. लावतात तो इंद्रायणी तांदूळ इथलाच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये बाहेर आलेला. थोरली हिवाळ्यात कार्ल्याच्या लेण्यात जाऊन ब्राह्मी अक्षरं लावते. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केलं आणि जंबुद्वीपात ते उत्तम आहे, असं तिथे कोरलेलं आहे. आईला ब्राह्मी येत नाही. वडिलांनाही नाही. थोरलीने तक्ता मिळवला, स्वतः अक्षरं गिरवली, आणि आता तिसरी आपलं नाव ब्राह्मीत लिहिते.

हे सगळं वाचून कोणाला हेवा वाटेल. म्हणून वाईट दिवसही सांगते. जुलैत दोन दिवस वीज नव्हती, कपडे वाळत नव्हते, तिसरीला ताप, सासूबाईंचे गुडघे धरलेले. त्यातल्याच एका दुपारी भागाकाराचं एक साधं गणित चौथ्यांदा चुकलं आणि आई मधल्यावर इतकी ओरडली की शेजारच्या घरातली बाई दारात आली. वह्या मिटल्या. पुढचे चार दिवस कोणी पुस्तक उघडलं नाही. शाळेतल्या बाई रागावल्या तर मुलाला घरी येऊन आईच्या कुशीत शिरता येतं. इथे बाई आणि आई एकच. तो मुलगा त्या दिवशी आजीकडे गेला आणि रात्री तिच्याजवळच झोपला. आजी घरात नसती तर हा प्रयोग दुसऱ्याच वर्षी मोडला असता, असं आई म्हणते. मला ते अतिशयोक्त वाटत नाही.

या घरापासून चालत दहा मिनिटांवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. दोन खोल्या, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे डोंगराळ भागात एका शिक्षकाकडे दोन इयत्ता हे ठरलेलंच. त्यांतला एक शिक्षक केंद्राच्या बैठकीला गेला की दुसऱ्याकडे चारही. शिक्षण खात्यात याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. आई एकदा तिथल्या बाईंकडे वाचायला पुस्तकं मागायला गेली आणि दीड तास बोलत बसली. दोघींची अडचण एकच निघाली! पहिलीच्या मुलाला जोडाक्षर सांगताना चौथीच्या मुलांनी काय करायचं? बाईंनी तिला गटाने बसवायची रीत दाखवली. गट वयाचे न करता कामाचे करायचे, वाचणारे एका बाजूला, मोजणारे दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक गटात एक मोठं मूल. तिनेही आपली पावसाची बाटली शाळेत नेऊन दिली. आता शाळेच्या ओट्यावर तशीच एक आहे.

आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेने आसपासच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांची जी पद्धत बसवली, ती याच प्रश्नातून निघाली. मूल आपल्या गतीने एकेक कार्ड पुढे जातं, मोठं मूल लहानाला मदत करतं, आणि शिक्षक ज्याला गरज असेल त्याच्यापाशी बसतो. पुढे तमिळनाडूने ती सरकारी शाळांत मोठ्या प्रमाणावर नेली. आपण मात्र दोन इयत्ता एका खोलीत म्हटलं की कमतरता समजतो. शिक्षकांची जागा रिकामी असणं ही कमतरताच आहे आणि ती भरलीच पाहिजे. पण सात वर्षांच्या मुलीला अकरा वर्षांच्या भावाकडून जे मिळतं, ते चाळीस समवयस्कांच्या वर्गात मिळत नाही, हे मी या घरात आणि शाळेच्या ओट्यावर दोन्हीकडे पाहिलं. मुलं वयाने एकसारखी असली तरच शिकवता येतं, हा समज शाळेच्या सोयीतून आलेला आहे. घर आणि वाडीवरची शाळा, दोघांनाही ती सोय नाही, आणि म्हणूनच दोघांकडे सांगण्यासारखं काही आहे.

कायद्याचं काय, हे प्रत्येक पाहुणा विचारतो. शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीची याचिका दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा २०१२ मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात म्हटलं की स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही. जर्मनीत मुलाला शाळेत पाठवणं सक्तीचं आहे, अमेरिकेत पन्नासही राज्यांत घरी शिकवायला मुभा आहे. आपल्याकडे बंदी नाही आणि नोंदही नाही, त्यामुळे अडतं ते कागदावर. शिष्यवृत्ती, शालेय स्पर्धा, सवलतीचा पास, सगळीकडे शाळेचं नाव विचारतात. थोरलीसाठी आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवायचा विचार होता. त्याला किमान पाचवी पास लागते, आणि तिचा शाळा सोडल्याचा दाखला इयत्ता तिसरीचा. म्हणून तिचं राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून ठरलं. तिथे दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, विषय निवडता येतात, माध्यम मराठी घेता येतं आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. तिने गृहविज्ञान नको म्हटलं, चित्रकला घेतली.

आता किमतीविषयी. आई लग्नाआधी आणि नंतरही पुण्यात अकाउंट्सचं काम करायची. थोरलीला शाळेतून काढल्यावर तिने नोकरी सोडली. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यावर जाणारा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८. चार मुलांचं शिक्षण या २८९ मिनिटांवर आणखी चढतं. वडील चांगले आहेत. सेकंड शिफ्ट असली की सकाळी ते मधल्याला विज्ञान शिकवतात, त्यांनी सायकल पूर्ण खोलून मुलांकडून जोडून घेतली. तरी भाजी परतताना समीकरण ऐकायचं काम त्यांच्याकडे कधी आलं नाही. होमस्कूलिंगवर बोलणारी माणसं मुलांच्या स्वातंत्र्याविषयी भरभरून बोलतात. ज्या बाईच्या वेळातून ते स्वातंत्र्य निघतं, तिच्या निवृत्तीवेतनाविषयी, तिच्या तुटलेल्या नोकरीविषयी कोणी बोलत नाही. मला याचा राग येतो, आणि तो मी इथे लिहून ठेवते.

हे नवं नाही. पंडिता रमाबाईंचं बालपण आठवा. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये गंगामूळच्या रानात झाला, आणि पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थाटन करत राहिलं. शाळा नाही, घर नाही, मुलं बरोबर. शास्त्री थकले होते. धाकट्या रमेला शिकवलं ते आईने, लक्ष्मीबाईंनी, पहाटे सगळे उठायच्या आधी, कारण दिवसभर तिला सवड नसायची. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. त्या पदवीत लक्ष्मीबाईंची किती वर्षांची झोप गेली, हे कोणी मोजलेलं नाही.

शाळेच्या चाकोरीबाहेर शिकायची ओढ मावळाला तशी जुनी आहे. तळेगावात विष्णू गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणासाठी उभं होतं, ते इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंद पाडलं. गो. नी. दांडेकर तेराव्या वर्षी शाळा आणि घर सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले, परत शाळेत बसले नाहीत. पुढे याच तळेगावात राहून त्यांनी लिहिलं आणि अनेकांना गड पाहायला शिकवलं. मधल्याला हे माहीत आहे. लोहगडाला २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

पण याच मावळात कातकरी वस्त्या आहेत. दिवाळी झाली की त्यांतली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलं बरोबर जातात आणि शाळेच्या पटावर गैरहजेरी लागत राहते. तीही मुलं दिवसभर आईवडिलांजवळच असतात, कामातून शिकतात, मोठी लहानांना सांभाळतात. पण त्यांच्या वाट्याला हे निवडीने आलेलं नाही. ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली, विधायक संसद या संस्थेने ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. शाळा मुलापाशी नेता येते, हे या लोकांनी करून दाखवलं. ज्या आईकडे बी.कॉम.ची पदवी, टेबल आणि सासूबाई आहेत, ती मुलाला शाळेतून काढू शकते. ज्या आईकडे यातलं काही नाही, तिच्या मुलासाठी वाडीवरची दोन खोल्यांची शाळा चालूच राहायला हवी. पट कमी म्हणून अशा शाळा बंद करायचा विषय सरकारात पुन्हापुन्हा निघतो. घरी शिकवणाऱ्या पालकांनी त्याविरुद्ध सगळ्यांत आधी बोलावं, अशी माझी अपेक्षा आहे. या घरातली आई बोलली. ग्रामसभेत उभी राहिली, तेव्हा कोणीतरी म्हटलं, वहिनी, तुमची तर मुलंच शाळेत नाहीत. ती म्हणाली, “म्हणूनच मला माहितीये त्या बाई किती काम करतात ते.”

या मार्चमध्ये मधल्याने जाहीर केलं की त्याला शाळेत जायचंय. कारण कबड्डी. तो गावातल्या मुलांबरोबर संध्याकाळी खेळतो, चढाई त्याची चांगली आहे, आणि शालेय स्पर्धांत उतरायचं तर शाळेच्या हजेरीपटावर नाव लागतं. घरात आठवडाभर बोलणं चाललं. वडिलांना आनंद झाला, आईला वाईट वाटलं, आणि दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं नाही. “मी चुकले असं त्याला वाटतं का, एवढंच मला विचारायचं होतं. विचारलं. तो म्हणाला, आई, घरात सात खेळाडू नाहीत गं.”

शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम अशा मुलांसाठीच आहे. शाळेबाहेरच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात घ्यायचं आणि मागे असेल तर जादा शिकवून बरोबरीला आणायचं. मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्याला एक उतारा वाचायला दिला, काही गणितं घातली. क्षेत्रफळ त्याने तोंडी सांगितलं. लिहायला मात्र इतरांच्या दुप्पट वेळ घेतला. जूनपासून तो सहावीत बसतो. शाळा सुटल्यावर अर्धा तास शुद्धलेखन होतं, त्याची त्याला कटकट वाटते. डबा मात्र आवडतो, कारण डब्याची देवाणघेवाण होते. तिसरीला शिकवणारा मधला शाळेत गेला, त्यामुळे आता तिच्या भागाकाराला थोरली बसते. दोघींचं जमत नाही. थोरली उत्तर पटकन सांगून टाकते, तिसरी रुसते. पाऊस वहीत उतरवायचं काम तिसरीने कोणाला न विचारता स्वतःकडे घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जाऊन बघ, नाही आवडलं तर घरी ये, असं मधल्याचं जूनमध्ये ठरलं होतं. तालुक्याच्या स्पर्धेत त्याची शाळा दुसऱ्या फेरीत दोन गुणांनी हरली. परवा मी विचारलं तेव्हा तो दारातल्या ओट्यावर गुडघ्याला हळद लावत बसला होता. म्हणाला, “मावशी, आता पुढच्या वर्षीची स्पर्धा झाल्याशिवाय नाही सोडता येणार.”